मेनिंजायटिसची लस आणि पहिल्या चोवीस तासांतील लक्षणे : बाळांच्या व तरुण मुलांच्या पालकांसाठी

एका मातेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची १७ वर्षांची मुलगी काही महिन्यांत शिक्षणासाठी परदेशी वसतिगृहात राहायला जाणार आहे आणि विद्यापीठाने प्रवेशाच्या कागदपत्रांबरोबर मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणांना सूज आणणाऱ्या आजाराच्या, लसीचे प्रमाणपत्र मागितले आहे. घरात आठ महिन्यांचा मुलगाही आहे. मुलीचे लहानपणीचे सगळे लसीकरण पूर्ण झालेले असताना ही लस खरोखर आवश्यक आहे की ती निव्वळ कागदोपत्री अट आहे, बाळालाही ती द्यावी का, आणि साध्या तापातून हा आजार वेगळा ओळखायचा कसा, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात अनेक वर्षे काम करताना हा आजार मी फार जवळून पाहिला आहे, म्हणून उत्तर विस्ताराने देतो.

आधी थेट उत्तर. मुलीला मेनिंगोकॉकस या जिवाणूच्या ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार गटांविरुद्धची लस अवश्य द्यावी आणि ती निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे आधी घेतलेली असावी, कारण पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला तेवढा अवधी लागतो. बी गटाची लस वेगळी असते. तिचे दोन डोस लागतात आणि देशोदेशींच्या नियमांनुसार त्यांत एक ते सहा महिन्यांचे अंतर ठेवले जाते, म्हणून तिच्याविषयी डॉक्टरांशी आत्ताच बोलायला हवे. बाळाच्या बाबतीत त्याच्या लसीकरण कार्डावर हिब आणि न्यूमोकॉकस या मेनिंजायटिस आणणाऱ्या आणखी दोन जिवाणूंविरुद्धच्या लसींचे वयानुसार डोस झाले आहेत का, हे सर्वप्रथम पाहावे. मेनिंगोकॉकसची लस बाळांना नेहमीच्या वेळापत्रकात द्यायची की नाही, हे त्या त्या देशात कोणता गट किती आढळतो यावर ठरते. पण आवश्यकता असल्यास ती बाळांनाही देता येते. आणि या सगळ्या लसी घेऊन झाल्या तरी लक्षणे माहीत असणे आवश्यकच राहते, कारण मेनिंजायटिसच्या सर्व कारणांना पुरून उरेल अशी एकही लस आज नाही.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणे असतात आणि आतल्या दोन आवरणांच्या मधून एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव सतत वाहत असतो. या आवरणांना आणि द्रवाला संसर्ग होऊन सूज आली की त्याला मेनिंजायटिस म्हणतात. विषाणूंमुळे होणारा प्रकार अधिक प्रमाणात आढळतो. त्यात आतड्यातून पसरणारे एंटरोव्हायरस आघाडीवर असतात आणि बहुतेक मुले त्यातून विशेष उपचारांशिवाय बरी होतात. खरी धास्ती जिवाणूंमुळे होणाऱ्या प्रकाराची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जिवाणूजन्य मेनिंजायटिस झालेल्या दर सहा जणांपैकी एक दगावतो आणि दर पाचांपैकी एकाला बहिरेपणा, झटके, हातपाय गमावणे किंवा शिकण्यातल्या अडचणी असे गंभीर परिणाम आयुष्यभर भोगावे लागतात. हा प्रकार विषाणूचा की जिवाणूचा, हे घरी बसून, नुसते मुलाकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. अनुभवी डॉक्टरलाही नाही. त्यामुळे शंका आली की जिवाणूचा आहे असे धरूनच चालावे लागते.

कोणता जिवाणू कोणाला गाठतो, हे बऱ्याच अंशी वयावर अवलंबून असते. नवजात बाळांना बहुधा प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेले ब गटाचे स्ट्रेप्टोकॉकस किंवा ई. कोलाय यांच्यामुळे हा आजार होतो. एक-दोन महिन्यांनंतर मेनिंगोकॉकस, न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी, म्हणजेच हिब, हे तीन प्रमुख शत्रू ठरतात. नाव ‘इन्फ्लुएन्झा’ असले तरी हिबचा फ्लूशी काही संबंध नाही. याशिवाय क्षयाचा जिवाणूही मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. तो आजार काही दिवस ते आठवडे हळूहळू वाढतो आणि लहान मुलांमधल्या त्या गंभीर प्रकारापासून बीसीजीची लस बऱ्यापैकी संरक्षण देते. जपानी एन्सेफलायटिस हा मात्र डासांमार्फत पसरणारा, प्रत्यक्ष मेंदूच्या पेशींना होणारा वेगळा आजार आहे. कार्डावर त्याची लस दिसली म्हणून मेनिंजायटिसची लस झाली असा समज अनेक पालक करून घेतात, तसे नाही.

आता मुलीच्या वसतिगृहाची अट कशासाठी, याकडे येतो. मेनिंगोकॉकस हा जिवाणू फक्त माणसातच राहतो आणि त्याचे नेहमीचे घर म्हणजे आपल्या नाकाचा व घशाचा मागचा भाग. कोणत्याही वेळी साधारण दहापैकी एका निरोगी माणसाच्या घशात तो असतो आणि त्याला त्याचा काही त्रास होत नाही. किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला हे प्रमाण याहून बरेच वाढते. खोकला, शिंका, चुंबन, एका खोलीत दाटीने राहणे यांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. नुसते शेजारून गेल्याने किंवा दाराच्या कडीला हात लागल्याने तो सहसा पसरत नाही. त्याला जवळचा, काही काळ टिकणारा सहवास लागतो. वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेली शेकडो तरुण मुले पहिल्या काही आठवड्यांत एकत्र राहतात, जेवतात, गर्दीच्या ठिकाणी जातात, तेव्हा एकमेकांच्या घशातले अनोळखी जिवाणू त्यांच्यात वेगाने देवाणघेवाण होऊन पसरतात. बहुतेकांना काहीही होत नाही. एखाद्याच्या बाबतीत मात्र तो जिवाणू घशाचे अस्तर ओलांडून रक्तात शिरतो. धूम्रपान आणि दुसऱ्याच्या धुराचा सतत संपर्क यांमुळे ही शक्यता वाढते. म्हणूनच या आजाराचा सर्वांत मोठा धोका एक वर्षाखालील बाळांना असला, तरी पंधरा ते चोवीस या वयात तो दुसऱ्यांदा डोके वर काढतो.

प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग माझ्या मते लक्षणांचा आहे आणि तिथे मला सविस्तर लिहायचे आहे. ताप, मान आखडणे, उजेड सहन न होणे आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके ही लक्षणे सगळीकडे छापलेली असतात आणि ती खरीही आहेत. पण ती उशिरा येतात. २००६ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी १६ वर्षांपर्यंतच्या ४४८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांना मेनिंगोकॉकसचा आजार झालेला होता आणि त्यातली १०३ मुले दगावली होती. त्यांच्या आजाराचा तासागणिक मागोवा घेतल्यावर असे दिसले की पहिल्या चार ते सहा तासांत बहुतेकांना ताप, चिडचिड, मळमळ, भूक नसणे एवढेच होते, म्हणजे कोणत्याही साध्या तापात असते तेच. ठिपके, मान आखडणे आणि शुद्ध हरपत जाणे ही ओळखीची लक्षणे साधारणपणे तेराव्या ते बाविसाव्या तासाच्या दरम्यान आली, आणि चोवीस तासांच्या आत मूल मरणाच्या दारात पोहोचू शकत होते. म्हणजे ज्या खुणांची आपण वाट पाहतो, त्या दिसेपर्यंत हाताशी असलेला बहुतेक वेळ संपलेला असतो.

याच अभ्यासातली दिलासा देणारी बाब अशी की मधल्या टप्प्यात, साधारण आठव्या तासाच्या सुमारास, तीन लक्षणे पुष्कळ मुलांमध्ये दिसली होती : पाय दुखणे, अंग तापलेले असूनही हातपाय गार पडणे, आणि त्वचेचा रंग बदलणे, म्हणजे ती फिकट, राखाडी किंवा डागाळल्यासारखी दिसणे. जिवाणू रक्तात पसरू लागला की शरीर रक्तपुरवठा हातापायांकडून काढून आतल्या महत्त्वाच्या अवयवांकडे वळवते, त्याची ही चिन्हे आहेत. जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना यांपैकी काही ना काही झालेले होते.

एका सोळा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी तपासणीसाठी आणले होते, तेव्हा त्याची मुख्य तक्रार पोटऱ्या दुखण्याची होती. आदल्या दिवशी तो खूप खेळला होता, त्यामुळे ताप आणि अंगदुखी यांचा अर्थ घरच्यांनी सहज लावला होता. कपाळ चटका बसावा इतके गरम आणि पावले मात्र बर्फासारखी होती. त्याच्या छातीवर बोटाने पाच सेकंद दाबून बोट उचलले, तर फिकट झालेली जागा पूर्ववत व्हायला दोन सेकंदांपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. मोजे काढले तेव्हा मोज्याच्या इलॅस्टिकखाली टाचणीच्या टोकाएवढे चार-पाच ठिपके होते. मान तोवर पूर्ण मऊ होती, डोके दुखत नव्हते आणि तो प्रश्नांची उत्तरे नीट देत होता. त्याला लगेच शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले आणि तो पूर्ण बरा होऊन घरी गेला. कपडे उतरवून, मोजे काढून मूल डोक्यापासून तळपायापर्यंत नीट पाहणे, हे काम दवाखान्यात जितके महत्त्वाचे आहे तितकेच घरी आहे.

ठिपक्यांची परीक्षा करायची असेल तर काचेचा पारदर्शक पेला घ्यावा आणि त्याची बाजू ठिपक्यांवर घट्ट दाबावी. बहुतेक साध्या पुरळांचा रंग दाबाखाली फिका पडतो. रक्त केशवाहिन्यांतून त्वचेत झिरपल्यामुळे आलेले ठिपके मात्र काचेतून तसेच दिसत राहतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ते शोधणे कठीण जाते. अशा वेळी तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातला टाळ्याचा भाग पाहावा. सुरुवातीला दाबाने फिके पडणारे पुरळ काही तासांनी तसे पडेनासे होऊ शकते, म्हणून एकदा पाहून निर्धास्त होऊ नये. आणि पुरळ नाही म्हणजे मेनिंजायटिस नाही, असा निष्कर्ष तर मुळीच काढू नये, कारण न्यूमोकॉकस आणि हिब यांच्यामुळे होणाऱ्या आजारात पुरळ बहुधा येतच नाही.

आठ महिन्यांच्या बाळाची गोष्ट आणखी वेगळी आहे. बाळाची मान आखडलेली नसतानाही आजार बळावलेला असू शकतो. बाळ दूध ओढत नाही, अंगातून प्राण गेल्यासारखे सैल पडते किंवा उलट ताठ होते, किंचाळल्यासारख्या चिरक्या आवाजात रडते, एकटक शून्यात पाहते, उठवले तरी नीट जागे होत नाही, ही लक्षणे गंभीर समजावीत. एक खूण आयांना चटकन पटते : साध्या दुखण्यातले बाळ उचलून छातीशी धरले की थोडे शांत होते, पण मेंदूच्या आवरणाला सूज असलेले बाळ उचलल्यावर, हलवल्यावर अधिकच रडते, कारण हालचालीने त्या आवरणांवर ताण येतो. डोक्यावरची टाळू हाताने पाहावी, पण बाळ शांत असताना आणि उभे धरून. रडताना किंवा आडवे असताना ती कोणाचीही फुगलेली लागते. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असेल तर आतला दाब वाढूनही टाळू फुगलेली लागत नाही, एवढे लक्षात ठेवावे. अगदी लहान, विशेषतः नवजात बाळात तापाऐवजी अंग गार पडणे हेसुद्धा संसर्गाचे चिन्ह असते.

यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. तिथे पोहोचल्यावर ‘मला मेनिंजायटिसची शंका येते आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे; त्यात डॉक्टरांचा अवमान नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून धोका टळला असे समजू नये. घरात उरलेले प्रतिजैविक स्वतःहून सुरू करू नये. तोंडाने दिलेल्या अपुऱ्या डोसाने आजार बरा होत नाही, पण लक्षणे झाकली जातात आणि पुढच्या तपासणीत जिवाणू सापडणे अवघड होते. डॉक्टरांनी तपासून साधा ताप म्हणून घरी पाठवले असेल आणि चार तासांनी मूल अधिक मलूल वाटत असेल, तर पुन्हा जावे. वर सांगितलेल्या अभ्यासातल्या जेमतेम निम्म्या मुलांनाच पहिल्या भेटीनंतर रुग्णालयात पाठवले गेले होते. ते डॉक्टर निष्काळजी होते असे नाही. त्या घटकेला दिसण्यासारखे फारसे काही नव्हते. आपले मूल रोज कसे असते हे आईवडिलांना ठाऊक असते आणि ‘हे नेहमीचे आजारपण नाही’ असे त्यांना वाटणे ही माझ्या दृष्टीने महत्त्वाची वैद्यकीय माहिती आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे काम खोलीतल्या मैत्रिणींवर येते, म्हणून तिला एवढे आवर्जून सांगून ठेवावे की आजारी मैत्रिणीला ‘झोपू दे, सकाळी बघू’ म्हणून खोलीत एकटे सोडायचे नाही. दर तास-दोन तासांनी तिला उठवून बोलते करायचे आणि ती गोंधळल्यासारखी वाटली तर लगेच मदत बोलवायची.

रुग्णालयात निदान पक्के करण्यासाठी पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून थोडा द्रव काढतात. ‘पाठीतून पाणी काढले तर मूल लुळे पडेल’ ही भीती मी इतक्या घरांत ऐकली आहे की तिच्याबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत ही सुई घातली जाते, त्यामुळे मज्जारज्जूला इजा होण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही; काहींना एक-दोन दिवस डोकेदुखी किंवा पाठदुखी होते. निरोगी द्रव पाण्यासारखा नितळ असतो. जिवाणूचा संसर्ग असेल तर नळीत पडणारे थेंबच पुष्कळदा गढूळ दिसतात. प्रयोगशाळेत त्यात पांढऱ्या पेशी आणि प्रथिने वाढलेली, साखर उतरलेली आढळते. मूल फार अस्थिर असेल किंवा मेंदूतला दाब वाढल्याची चिन्हे असतील तर ही तपासणी पुढे ढकलतात. मात्र प्रतिजैविक पुढे ढकलायचे नसते. रक्ताचा नमुना घेऊन सेफ्ट्रायॅक्सोनसारखे औषध शिरेतून सुरू करतात आणि तपासण्या त्यामागोमाग होतात. तेव्हा डॉक्टरांनी या तपासणीसाठी संमती मागितली तर विचार करायला दुसऱ्या दिवसाची मुदत मागू नये.

लसींकडे वळताना एक गोष्ट स्पष्ट करतो : ‘मेनिंजायटिसची लस’ अशी एकच लस नाही. तीन जिवाणूंसाठी वेगवेगळ्या लसी आहेत आणि मेनिंगोकॉकसमध्येही गटांनुसार भेद आहेत. म्हणून ‘सगळे लसीकरण झाले आहे’ या वाक्यावर न थांबता कार्डावर कोणत्या लसीचे नाव लिहिले आहे ते वाचावे. हिबची लस बहुधा घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी यांच्याबरोबर एकाच टोचणीत दिली जाते, त्यामुळे कार्डावर ‘पेंटाव्हॅलंट’ लिहिलेले असेल तर हिब त्यात आलीच. पाच वर्षांखालील मुलांमध्ये अनेक देशांत एके काळी हिब हे जिवाणूजन्य मेनिंजायटिसचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. जिथे ही लस सर्वांना नियमित मिळाली तिथे तो आजार इतका विरळ झाला की आजच्या कितीतरी तरुण बालरोगतज्ज्ञांनी त्याचा रुग्ण पाहिलेलाही नाही. न्यूमोकॉकसची लस कार्डावर ‘पीसीव्ही’ या नावाने असते; तिच्या पुढचा आकडा ती त्या जिवाणूच्या किती प्रकारांविरुद्ध आहे ते सांगतो. आठ महिन्यांच्या बाळाचे या दोन्हींचे सुरुवातीचे डोस झालेले असायला हवेत आणि बूस्टर पुढे पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे असतो. एखादा डोस राहिला असेल तर मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेला डोस तेवढा भरून काढतात.

मुलीच्या बाबतीत ‘लहानपणी सगळे झाले आहे’ हे उत्तर का पुरत नाही, हे आता समजेल. लहानपणी दिलेल्या हिब आणि न्यूमोकॉकसच्या लसी मेनिंगोकॉकसविरुद्ध काहीही करत नाहीत. आणि लहानपणी मेनिंगोकॉकसची लस दिलेली असली तरी तिचे संरक्षण काही वर्षांत ओसरत जाते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना चार गटांच्या लसीचा पहिला डोस ११-१२ व्या वर्षी आणि बूस्टर १६ व्या वर्षी देण्याची शिफारस करते. ब्रिटनमध्ये डब्ल्यू गटाचे रुग्ण वाढू लागल्यावर २०१५ पासून ही लस किशोरांना आणि विद्यापीठात नव्याने जाणाऱ्यांना देण्यास सुरुवात झाली. तुमच्या मुलीने आधी डोस घेतला असेल तर त्याची तारीख आणि विद्यापीठाची अट ताडून पाहावी. १६ व्या वाढदिवसाआधीचा डोस पुष्कळ ठिकाणी पुरेसा मानत नाहीत. प्रमाणपत्रावर ‘मेनिंगोकॉकल’ एवढेच लिहून न घेता ए, सी, डब्ल्यू, वाय हे गट, लसीचे नाव आणि तारीख स्पष्ट लिहून घ्यावी.

ही चार गटांची लस कॉन्जुगेट प्रकारची आहे, आणि तिचे मोठेपण त्या रचनेत आहे. जिवाणूभोवती शर्करेचे एक कवच असते. नुसत्या कवचापासून बनवलेल्या जुन्या लसी दोन वर्षांखालील मुलांत नीट काम करत नव्हत्या आणि मोठ्यांतही त्यांची स्मृती टिकत नसे. कवचाचा तुकडा एखाद्या प्रथिनाला जोडून दिला की बाळाची प्रतिकारशक्तीही त्याला ओळखायला शिकते. शिवाय अशा लसीने जिवाणूचा घशातला मुक्कामही कमी होतो. ब्रिटनने १९९९ मध्ये सी गटाची कॉन्जुगेट लस मुलांना व किशोरांना सरसकट दिली, तेव्हा १५ ते १७ वयाच्या मुलांच्या घशात तो गट आढळण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटले आणि लस न घेतलेल्यांनाही त्याचा लाभ झाला. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात तर याहून मोठा बदल घडला. तिथे १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले होते आणि सुमारे २५,००० दगावले होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ए गटाची लस २०१० पासून तिथे देण्यास सुरुवात झाली, ३५ कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ए गटाचा रुग्ण सापडलेला नाही. इतर गट मात्र राहिले, म्हणून ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांची लस तयार झाली. २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरात आणली.

बी गटाने संशोधकांना बरीच वर्षे झुंजवले. त्याचे शर्करेचे कवच माणसाच्या चेतापेशींवरील एका घटकाशी इतके मिळतेजुळते आहे की शरीर त्याला परके मानतच नाही. अखेर जिवाणूच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास करून त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने निवडली गेली आणि त्यांच्यापासून लस बनली. २०१५ मध्ये ब्रिटनने ती सर्व बाळांना देण्यास सुरुवात केली आणि पहिल्या तीन वर्षांत लसीस पात्र वयोगटात बी गटाचे रुग्ण सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. तिची एक मर्यादा मात्र पालकांना माहीत असावी : ती घेणाऱ्याचे रक्षण करते, पण घशातला जिवाणू हटवत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ३५,००० किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासात हे स्पष्ट झाले. म्हणजे वसतिगृहातल्या इतर मुलांनी ही लस घेतली असली तरी त्यांच्यामुळे तुमच्या मुलीचे रक्षण होईल असे धरता येत नाही. तिला संरक्षण हवे असेल तर तिलाच ती घ्यावी लागेल. मुलगी ज्या देशात जाणार आहे तिथल्या तरुणांत बी गट आढळत असेल, तर माझा कल ती देण्याकडे आहे.

काही मुलांच्या बाबतीत ‘घ्यावी का’ हा प्रश्नच उरत नाही. प्लीहा काढलेली किंवा निकामी झालेली, सिकलसेलचा आजार असलेली, रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची जन्मजात कमतरता असलेली, एचआयव्हीबाधित किंवा एक्युलिझुमॅबसारखी, हीच प्रथिने रोखणारी औषधे घेणारी मुले यांना धोका कैकपटींनी अधिक असतो आणि त्यांचे डोस व बूस्टर वेगळ्या वेळापत्रकाने दिले जातात. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायचे उपकरण, बसवलेल्या मुलांना न्यूमोकॉकसच्या लसीची विशेष गरज असते. हजला जाणाऱ्यांसाठी सौदी अरेबियाने चार गटांच्या लसीचे प्रमाणपत्र बंधनकारक केले आहे आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती घेतलेली असावी लागते.

दुष्परिणामांविषयी थोडेच लिहितो, कारण लिहिण्यासारखे थोडेच आहे. टोचलेली जागा एक-दोन दिवस दुखते, लाल होते. डोकेदुखी, थकवा, किंचित ताप येतो. बी गटाची लस बाळांना इतर लसींबरोबर दिली तर ताप थोडा जास्त येतो, म्हणून अनेक ठिकाणी तिच्यासोबत पॅरासिटामॉल देण्याची पद्धत आहे. ते किती आणि कधी, हे डॉक्टरांना विचारूनच द्यावे. किशोरवयीन मुलांना कोणतीही लस टोचल्यावर कधी कधी भोवळ येते, त्यामुळे पंधरा मिनिटे बसवून ठेवावे. तीव्र ॲलर्जी अगदी क्वचित होते आणि आधीच्या डोसाला तशी प्रतिक्रिया आली असेल तर ती लस पुन्हा देत नाहीत. साधी सर्दी हे लस पुढे ढकलण्याचे कारण नव्हे. या लसींत जिवंत जिवाणू नसतात, त्यामुळे त्यांच्यामुळे मेनिंजायटिस होऊ शकत नाही.

वसतिगृहात किंवा घरात कोणाला मेनिंगोकॉकसचा आजार झालाच, तर त्याच्याबरोबर एका खोलीत राहणाऱ्या, घरातल्या आणि त्याच्या लाळेच्या थेट संपर्कात आलेल्या व्यक्तींना प्रतिजैविकाचा अल्पकाळाचा प्रतिबंधक डोस देतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, रिफॅम्पिसिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोन यांपैकी कोणते, हे वय आणि गर्भावस्था पाहून ठरते. निदान झाल्यापासून चोवीस तासांच्या आत तो घेतला तर सर्वांत चांगले. लस घेतलेली असली तरी तो घ्यावा. एकाच वर्गात किंवा इमारतीत असणाऱ्या सगळ्यांना मात्र तो लागत नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जाऊ शकतात, म्हणून त्या काळात संपर्कातल्या प्रत्येकाने स्वतःकडे लक्ष ठेवावे.

आजारातून उठलेल्या मुलाची श्रवणचाचणी रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी, किंवा फार तर चार आठवड्यांच्या आत, झालीच पाहिजे. मेनिंजायटिसनंतरच्या बहिरेपणात आतल्या कानाच्या पोकळीत हाड भरू लागते आणि एकदा ते भरले की कॉक्लिअर इम्प्लांट बसवणे अवघड होते; त्यासाठीच या चाचणीला उशीर चालत नाही. लहान बाळाला ऐकू येत नाही हे घरच्यांच्या लक्षात यायला कित्येक महिने जातात. शाळेत परतल्यावर एकाग्रता कमी होणे, लवकर थकणे, चिडचिड, लिहिण्यावाचण्यात मागे पडणे हे आजाराचे परिणाम असू शकतात आणि शिक्षकांना त्याची कल्पना दिलेली असावी. एकदा हा आजार झाला म्हणून पुन्हा होणार नाही असे नसते, कारण एका गटाविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या गटाला रोखत नाही. म्हणून बऱ्या झालेल्या मुलाचे राहिलेले लसीकरण पूर्ण करावे, आणि मेनिंगोकॉकसचा आजार दुसऱ्यांदा झाला असेल किंवा कुटुंबात आणखी कोणाला होऊन गेला असेल तर कॉम्प्लिमेंटची रक्ततपासणी करून घ्यावी.